नातेवाइकांना कल्पना दिली

"हिच्या वाक्यात चुका किती, सांगा बरं," डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत म्हणाले.

नागपूरचा सरकारी दवाखाना. खाटेभोवती आठ-दहा पांढरे कोट. सगळे हसले. मध्ये माझा बाप निजलेला, तोही हसला. पोरगी इंग्रजी बोलली याचाच त्याला अभिमान.

तीन दिवस मी मराठीत विचारत होते. कोणी मान वर केली नाही. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी मी आईच्या कडेवर होते, आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. म्हणून जिन्यावर बसून इंग्रजी वाक्य जुळवलं. महोदय, आपली आज्ञा असेल तर, कृपा करून, माझ्या वडिलांच्या प्रकृतीविषयी काही सांगाल काय? एवढं लोटांगण घातलं आणि विचारायचं तेच राहिलं. बाबा वाचतील का? आईला बोलावू का? आई सावनेरकडे कापूस वेचायला गेली होती.

विद्यार्थ्यांनी वाक्य सुधारलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

"काय म्हनला वं डॉक्टर?" बाबांनी विचारलं. "तुह्या मायले बोलवाचं काय?"

"काही नाही म्हनला. भेवाचं असतं तर सांगतलं असतं ना, बाबा."

खुळी मी. शिकलेली खुळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. आई पोचली तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग त्याच डॉक्टरांनी कागद पुढे केला. "साइन हिअर."

कागद इंग्रजीत होता. मी वाचला. रुग्ण गंभीर असल्याची कल्पना नातेवाइकांना वेळोवेळी दिली आहे, असं त्यात लिहिलेलं.

मी इंग्रजीतच विचारलं. सर नाही, प्लीज नाही. कधी सांगितलं? कोणाला? कोणत्या भाषेत? तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

या वेळी कोणी चुका काढल्या नाहीत.

"बाई, सही केल्याशिवाय बॉडी मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. स्वच्छ मराठीत. म्हणजे येत होती त्यांना.

मी त्या ओळीवर काट मारली. खाली इंग्रजीत लिहिलं, मला सांगितलं नाही. त्याखाली सही केली.

आई अखेरपर्यंत त्या दिवसाबद्दल बोलली नाही. मीही तिला काही विचारू शकले नाही. पण कुठल्याही टेबलापुढे मी पुन्हा हात जोडले नाहीत. हवं तेवढंच विचारते. आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाही.