रकाना नसलेला विषय

प्रेमलाबाई राऊत गास गावाजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. घरची केळीची वाडी. त्यामुळे बाईंच्या पिशवीत डब्याशेजारी एखादं केळीचं पान असायचंच. "ह्याचा रंग कोणता?" त्या विचारायच्या. मुलांनी एका सुरात "हिरवा" म्हटलं की बाई भडकायच्या. "डोळे घरी ठेवून आलात का रे? नीट बघा!" त्यातला पोपटी, पिवळा, कडेचा करपलेला तांबूस दिसेपर्यंत रंगात ब्रश बुडवायची कुणाची बिशाद नव्हती.

मुख्याध्यापक फर्डिनंड सर म्हणजे देवमाणूस, पण बाईंची आठवण त्यांना शाळेच्या तपासणीलाच यायची. भिंतींचे पोपडे झाकायला चित्रं लागायची ना! तपासणीचे साहेब चित्रं बघून "छान, छान" म्हणत, चहा पीत आणि अहवालात गणित, इंग्रजी, हजेरी, अगदी संडाससुद्धा लिहून जात. त्या छापील कागदात चित्रकलेला रकानाच नव्हता.

एकोणऐंशी साली दहावीचा गणिताचा निकाल घसरला. सरांनी बाईंना बोलावलं. "बाई, राग मानू नका. आठवी-नववीचे तुमचे तास पुढच्या जूनपासून गणिताला द्यावे लागतील. साहेब मला गणिताचाच जाब विचारतात."

बाई मान हलवून वर्गावर गेल्या. तपासणीच्या दिवशी मात्र लवकर येऊन त्यांनी भिंतीवरचं एकूण एक चित्र उतरवलं. उघडे पोपडे बघून सरांच्या तोंडचं पाणीच पळालं.

तपासणीला आलेल्या रामनाथ साहेबांनी विचारलं, "यंदा चित्रं नाहीत?"

"कपाटात आहेत, साहेब. तुमच्या अहवालात चित्रकला नाही, म्हणून माझे तास चाललेत. ज्याचा जाब कुणी विचारत नाही, त्यानं भिंती तरी का झाकाव्यात?"

साहेब जरा वरमले. त्यांनी चित्रं मागवली आणि चहा थंड होईस्तोवर एकेक बघितलं. मग अहवालाच्या तळाशी, कोऱ्या जागेत हातानं लिहिलं: 'चित्रकलेचे तास कमी करू नयेत. पुढील तपासणीत प्रत्येक मुलाची चित्रकलेची वही पाहिली जाईल.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. दीडशे वह्या, त्यातल्या निम्म्या अर्धवट! आता त्यांनाही जाब द्यावा लागणार होता. वीस वर्षांच्या नोकरीत तपासणीची भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली, आणि त्या भीतीनं बाई अशा काही खुलल्या, की फर्डिनंड सर बघतच राहिले.