गव्हाचं फूल

लग्नानंतर मी पंचवटीहून सरकारी गव्हाच्या शेतावर राहायला गेले, तेव्हा गव्हालाही फूल येतं हे मला ठाऊक नव्हतं. माहेरी आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, मोगरा खुडून देवळांसाठी हार करण्यात माझं सगळं लहानपण गेलं होतं. गहू मात्र माझ्या लेखी ओंबीपासून सुरू व्हायचा आणि पिठात संपायचा.

तिसाच्या दशकातली ही गोष्ट. शेत नाशिकच्या पूर्वेला, काळ्या जमिनीत होतं. आमचे हे पुण्याला शेतकी शिकून तिथे मदतनीस म्हणून लागले होते. आमच्या भागातला बन्सी गहू दाण्याला टपोरा, पण त्याच्यावर तांबेरा पडायचा आणि हातातोंडाशी आलेलं पीक गंजल्यासारखं व्हायचं. खपली गव्हाला तांबेरा फारसा शिवत नसे, पण त्याचा दाणा टरफलाला घट्ट धरून बसतो. दोन्हींचा संकर करून पाहा, असं वरच्या साहेबांनी यांना सांगितलं होतं.

पहिल्या हिवाळ्यात यांनी दोन-तीन आठवडे खपून संकर केले. ओंब्यांवर बांधलेल्या कागदी पिशव्या उघडल्या तर ओंब्या पोकळ निघाल्या. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, माझ्या बोटांत काही तरी कमी आहे. पुढच्या वर्षी गहू निसवला, ओंब्या बाहेर पडल्या, तेव्हा मी म्हटलं, मला एकदा दाखवा तरी.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. हिरव्या टरफलात परागाच्या तीन इवल्या पिशव्या, आणि मधे पिसासारखे दोन तुरे. त्या पिशव्या पिवळ्या होऊन फुटायच्या आत काढायच्या, नाही तर गहू आपलाच पराग घेऊन मोकळा होतो. तुऱ्यांना चिमटा लागला की फूल गेलं. हार करताना पाकळी न दुखवता कळी धरायची माझ्या बोटांना सवय होती. मी मधली फुलं काढून टाकली, कडेची ठेवली, टरफलाचं टोक कातरलं, परागाच्या पिशव्या एकेक करून उचलल्या आणि ओंबीवर कागदी पिशवी चढवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तुरे पसरले, तेव्हा खपलीचा पराग त्यांच्यावर झटकला आणि पुन्हा कागदी पिशवी बांधली.

मग वाट बघायची. पिशवी सारखी उघडायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून त्याच दिवशी फुललेल्या साध्या बन्सीच्या ओंब्यांना मी लाल दोरा बांधला आणि रोज सकाळी त्यातला एकेक दाणा नखाने फोडू लागले. आधी नुसतं पाणी. मग पांढरं पातळ दूध. मग ते दूध दाटत दाटत चिकासारखं झालं, आणि एके दिवशी दाणा चावला तर हुरड्याची गोडी लागली. परागाच्या एका कणातून दोन बीजं आत उतरतात, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. एकातून रोप होतं, दुसऱ्यातून त्या रोपासाठी साठवलेलं अन्न. "आपण पोळी खातो म्हणजे त्याची शिदोरी खातो," ते म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस कणीक मळताना मला ते आठवायचं.

शेवटी त्यांनी एकेक कागदी पिशवी सोडली. बहुतेक फुलांत दाणा धरला होता. त्यांनी ते दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि शेताच्या बांधावर खाली बसले.

पुढच्या हिवाळ्यात ते दाणे पेरले, तर सगळी रोपं अगदी सारखी आली. माझा विरस झाला. ते मात्र खूश होते. असंच व्हायला हवं, खरी गंमत या रोपांच्या पोटच्या पिढीत दिसेल, असं त्यांचं म्हणणं. त्या हंगामात आणखी संकर करायचे होते म्हणून मी माहेरून मावशीला आणि तिच्या हार करणाऱ्या दोन मैत्रिणींना बोलावलं. मावशीने भिंगातून पाहिलं आणि मला म्हणाली, "इतकं बारीक फूल, ना रंग ना वास. पण काम लय मोठं करतंय गं."

त्याच्या पुढल्या वर्षी त्या रोपांचं बी पेरलं, आणि वाफ्यात जे उगवलं ते मी कधी विसरणार नाही. एक झाड कमरेपर्यंत, शेजारचं गुडघ्याएवढं. कुठे ओंबी पांढरट, कुठे तांबूस. काहींचा दाणा चोळला की सुटायचा, काहींचा खपलीसारखा अडून बसायचा. त्या वर्षीही आलेली मावशी वाफ्यातून हिंडत प्रत्येक झाड खपली आजोबांवर गेलंय की बन्सी आजीवर ते ठरवत होती. कडेला तांबेऱ्याने भरलेल्या ओळी होत्या, आणि तरीही मधली चार-पाच झाडं स्वच्छ हिरवी उभी होती. त्यांतल्या दोन झाडांचा दाणा चोळताच मोकळा झाला. यांनी तो तळहातावर घेऊन आम्हा सगळ्यांना दाखवला.

त्याच आठवड्यात साहेब आले. हे संकर कोणी केले, असं त्यांनी विचारलं. यांनी जराही न अडखळता माझ्याकडे हात करून सांगितलं, "आमच्या घरातून." साहेबांनी हॅट काढली, माझ्यासमोर मातीत मांडी घातली आणि मला शिकवा म्हणाले. त्यांनी पहिलीच ओंबी मधोमध मोडली. मावशीने पदर तोंडाला लावला, पण तिचं हसू आवरेना. मग साहेबही हसले. मी त्यांच्या हातात दुसरी ओंबी दिली आणि चिमटा कसा धरायचा ते पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतलं.