कारण सुपरवायझरला सांगावं

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर चाकणच्या आमच्या कारखान्यात लस आणि टेस्टचे नियम लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी एचआरमध्ये. साध्या मराठीत लिहा, एका पानात बसवा, एवढंच वरून सांगितलं होतं. निगडीहून कंपनीच्या बसने येता-जाता मी मोबाइलवर वाक्यं जुळवायचे. लस न घेतलेल्यांची दर सोमवारी टेस्ट होईल, खर्च कंपनी करेल. आणि लस का घेतली नाही, ते कारण सुपरवायझरला सांगावं. हे शेवटचं वाक्य मी फारसा विचार न करताच घातलं. कुणाला तरी माहीत असावं, इतकंच डोक्यात होतं.

वायरिंगच्या लाइनवर जवळच्याच गावातली एक सून कामाला होती. तिला दिवस गेले होते. आधी एकदा गर्भ पडला होता, म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत नवऱ्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. लस जरा थांबून घ्या, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नियम वाचून तिनं सुपरवायझरला खरं ते सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याला आनंदच झाला. डिस्पॅचला असलेल्या तिच्या दिराचं त्यानं चहाच्या सुट्टीत अभिनंदन केलं, आणि रात्री जेवताना दिरानं ते घरात बोलून दाखवलं. कंपनीतल्या परक्या माणसाला आपल्याआधी कळलं, हे सासूच्या मनाला लागलं. तिनं सुनेशी अबोला धरला.

मला हे कँटीनमध्ये त्या सुनेकडूनच कळलं. ती भांडायला आली नव्हती. ताट घेऊन समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आत्याबाईंना मी सांगणार व्हते. देवापुढं साखर ठिवून."

सुपरवायझरनं असं करायला नको होतं, असं काहीतरी मी बोलले.

"त्यांना काय बोलायचं?" ती म्हणाली. "पानावर लिवलं व्हतं, म्हणून मी सांगितलं."

मी मोबाइलवर ते पान उघडून शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

त्याच दुपारी मी प्लांट हेडकडे जाऊन ते वाक्य बदलून घेतलं. कारण फक्त कंपनीच्या डॉक्टरांना सांगावं, डॉक्टरांनी ते कुणापाशी बोलू नये. कुणाची तक्रार आली का, असं त्यांनी विचारलं. नाही, माझंच लिहिणं चुकलं होतं, असं मी सांगितलं. वेळेत लक्षात आलं ते बरं झालं, असं ते म्हणाले. मी बदललेलं पान सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवलं.

सातव्या महिन्यात तिनं मला डोहाळजेवणाला बोलावलं. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. सासू हिरव्या साडीतल्या सुनेला आग्रहानं वाढत होती. मी कोण ते कळल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय का! तुमच्या कंपनीला आमच्या आधी समजलं म्हणा की."

बायका हसल्या. सूनही हसली. मीही हसले, पण सुनेकडे बघायचा धीर झाला नाही. सासूनं माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली, आणि मी ती नको न म्हणता खाल्ली.