सावल्या नावाचा आंबा

आमच्या अक्काला बिननावाचं झाड खपायचं नाही. अक्का म्हणजे माझी मोठी काकू. चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात केळीच्या कडेने गावरान आंब्यांची रांग आहे, आणि त्यांतल्या एकेकाचं बारसं तिनेच केलेलं. शेपूचा वास येतो तो शेप्या. खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. आणि दिसायला देखणा, पण चाखला की दात आंबवणारा, तो जावई! एकदा आत्याच्या यजमानांनी नेमकं त्याचंच नाव विचारलं. अक्का शांतपणे म्हणाली, "जावई. तुमनंच नाव ठेवेल शे." बिचारे इतके खूश झाले की दोन आंबे चोखून वर "वा!" म्हणाले. आम्ही पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होतो.

"लोके नावं ठेवतस, मी नाव ठेवस," असं ती ठसक्यात सांगायची. झाडाचा गुण पाहायचा, मगच नाव द्यायचं, हा तिचा नियम.

बांधावरचा शेवटचा आंबा मात्र कधी मोहरलाच नाही. गडीमाणसं त्याला वांझोटा म्हणत. अक्काला मूल नव्हतं. तो शब्द उच्चारला की माणसं तिच्याकडे बघायचं टाळत, आणि त्या टाळण्यानेच माझं डोकं फिरायचं. अक्का मुकाट्याने पुढे जायची.

एका उन्हाळ्यात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तोडायचं ठरवलं. फळ नाही ते नाहीच, वर केळीवर सावली पाडतो. तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले, नाना म्हणाले, "तो वांझोटा पाडा." अक्का तरातरा चालत गेली आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. धाकट्या दिरासमोरही आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी कडाडली, "हाऊ शब्द मी इतला साल आयका. झाडले आयकू देवाव नही! बठ्ठा मजूर याना खाले बसीसन भाकर खातस. यानं नाव सावल्या शे."

नाना खाली मान घालून घरी आले. कुऱ्हाडी परत गेल्या. मजुरांच्या तोंडी ते नाव असं बसलं की पुढे केळी काढायला आलेला नवा मुकादम भडकून आमच्या दारात उभा. "हा सावल्या कोण? माझी सगळी माणसं रोज त्याच्याकडे जेवायला जातात!"

अक्काला हसू आवरेना. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मना पोऱ्या शे."

"मोठ्या मनाचा आहे हो तुमचा मुलगा," मुकादम वरमून म्हणाला. अक्काने त्याला खरं काही सांगितलं नाही. चहा मात्र दिला, साखर जरा जास्तच घालून. काय अभिमान होता त्या चेहऱ्यावर! आजही आठवला की माझा ऊर भरून येतो.

गेल्या वर्षी अक्का गेली. यंदा दिवाळीला एक पाहुणी स्वयंपाकघरात बसली होती. माझ्या वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही. पाहुणीने विषय काढला आणि बोलता बोलता तोच शब्द वापरला. वहिनीचं लाटणं थांबलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओसरीवरून नाना उठून दारात आले. बायकांच्या बोलण्यात जन्मात न पडलेला माणूस.

"हाऊ शब्द आमना घरमा चालस नही," ते म्हणाले. "आमनी अक्कानी बंद करेल शे."