सातवी ‘ब’मधला चेटकिणींचा खटला

सातवी ‘ब’ला चेटकिणींच्या खटल्याचं नाटक शिकवायचं खूळ माझंच. मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनासाठी एखादा देशभक्तीपर प्रवेश बसवा म्हणून सांगितलं होतं, किंवा मग झाडं लावा, झाडं जगवा. पण मी नवीन होते, प्रोबेशनवर होते आणि समाज सुधारायला निघाले होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या एका गावाची हकिगत मी वाचली होती. तिथल्या चार पोरी झटके येऊन पडू लागल्या, त्यांनी गावातल्या बायकांकडे बोटं दाखवली आणि मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी त्या बायकांना फासावर दिलं. त्यावरून मीच वीस मिनिटांचं नाटक लिहून काढलं. नव्वदच्या पुढची वर्षं होती. नेरूळमध्ये बिल्डिंगा भराभर उठत होत्या आणि आपण सगळे पुढारलेले आहोत याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

पोरांना नाटक भयंकर आवडलं. आवडलं म्हणजे काय, तर झटके येऊन पडणाऱ्या मुलींची कामं चार आणि उमेदवार बावीस. न्यायाधीश व्हायला सगळे मुलगे तयार. चेटकीण व्हायला मात्र एकही जण तयार होईना. “बाई, मग वर्गात मला तेच चिडवतील,” एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. मी तिला समजावलं, अगं, ती चेटकीण नसतेच मुळी, तेच तर नाटक आहे. ती म्हणाली, “हो, पण चिडवतील ना.” पोरीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

तालमी दुपारी हॉलमध्ये चालायच्या. वर पत्रे, खाली फरशी, आणि उकाडा असा की जीव नकोसा व्हावा. एक दिवस मुख्य पोर, जी आधी पडते ती, खरोखरच पडली. सकाळपासून क्लासला गेली होती, डबा तसाच होता. मी “पाणी, पाणी” ओरडत नुसती गरागरा फिरले. धावून आल्या त्या आमच्या शाळेच्या मावशी. मावशी म्हणजे घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या, पोरांची नाकं पुसणाऱ्या. बाजूच्या गावठाणातल्या. नऊ वर्षं टेम्पररी काढल्यावर येत्या जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघणार होती, कायम होणार होत्या. ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या.

त्यांनी पोरीचे पाय उचलून धरले, तळवे चोळले, साखरेचं पाणी पाजलं. पोर शुद्धीवर आली, उठून बसली. मग मावशींनी कँटीनमधून मूठभर मीठ आणलं, तिच्यावरून तीनदा ओवाळलं, काहीतरी पुटपुटल्या आणि मीठ नळाखाली धुऊन टाकलं. “गोरी पोर हाय, कोनाची तरी नजर लागली आसल,” म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या. मी हसले. झालं, एवढंच.

पण पोरी घरी गेल्या त्या नाटक डोक्यात घेऊनच. एकीने घरी सांगितलं, मावशींनी मंत्र म्हटला. दुसरीने सांगितलं, मावशी आधी हॉलच्या दारातून बघत होत्या, मग ती पडली. चार दिवसांत तिघींची पोटं दुखायला लागली. एका मुलीच्या दंडाला काळा दोरा आला, मग दुसरीच्या. मी वर्गात ओरडले, गप्प बसा, हे नाटक आहे! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मावशी पाण्याचं पिंप भरायला आल्या तशा तीन बाकांवरच्या पोरी उठून खिडकीकडे सरकल्या.

आठवड्याने पालकांची तक्रार आली. करणी, चेटूक असले शब्द त्यात अजिबात नव्हते हं! फ्लॅटमध्ये राहणारी, बँकेत आणि मंत्रालयात नोकऱ्या करणारी माणसं असं कशाला लिहितील? तक्रार होती की शाळेत अंधश्रद्धा पसरवली जाते आणि त्याला जबाबदार असलेल्या महिलेला काढून टाकावं. जिला घाबरले, तिलाच मागासलेली ठरवून मोकळे झाले. माझ्या सगळ्या नाटकातलं एकही वाक्य इतकं हुशार नव्हतं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मीटिंग झाली. पडलेल्या पोरीचे वडील, पालक समितीच्या दोन बायका, मुख्याध्यापक आणि मी. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मलाच बसवलं. मावशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची द्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

“आमचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही,” वडील म्हणाले. “पण मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ते बघा ना सर.” खिडकीखाली त्यांची कोरी गाडी उभी होती, पुढे ताजं लिंबू आणि सात मिरच्या लटकवलेली.

मुख्याध्यापकांनी मला विचारलं, “बाई, तुम्ही काय पाहिलंत?” मी सांगितलं. मीठ सांगितलं, तीनदा ओवाळणं सांगितलं, पुटपुटणं सांगितलं. एक अक्षर खोटं बोलले नाही. तळवे चोळले ते सांगितलं नाही. पोर मिठाच्या आधीच उठून बसली होती तेही सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून. किती सोपं असतं!

मग मुख्याध्यापक मावशींकडे वळले. माणूस वाईट नव्हता, त्यांना यातून वाट काढायची होती. म्हणाले, “हे बघा मावशी, तुम्ही असं आधीही केलंय असं ऐकतो. शिक्षकांपैकी कोणाच्या सांगण्यावरून केलं असेल तर नाव सांगा. मग तुमच्या एकटीवर येणार नाही.”

आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. कारण दोनच महिन्यांपूर्वी माझ्या तीन वर्षांच्या मुलीने अन्न सोडलं होतं, डॉक्टर झाले, टॉनिक झालं, आणि एका शनिवारी मीच तिला शाळेत आणून प्रयोगशाळेच्या मागे मावशींच्या पुढ्यात उभी केली होती. मीच. “मावशी, तेवढी दृष्ट काढा ना, कोणाला सांगू नका.” त्या संध्याकाळी मुलगी ताटलीभर वरणभात जेवली. का जेवली, देव जाणे. मी घरी सांगितलं, टॉनिक लागू पडलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. आता घेतात नाव, आता माझं प्रोबेशन गेलं. मी मान खाली घालून वहीत समास आखायला लागले.

“मना कोनी नाय सांगितला,” मावशी म्हणाल्या. “पोरीचा तोंड बघून मीच केला.”

मी लिहिलं, ‘सदर महिलेने चूक मान्य केली. अन्य कोणाचेही नाव सांगितले नाही.’ खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली माझी.

नाटक झोकात झालं. ती पोर इतकी छान पडली की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तिच्या वडिलांनी स्टेजवर येऊन मला नारळ दिला. माइकवरून मुख्याध्यापक म्हणाले, अशा विज्ञाननिष्ठ शिक्षिका आपल्या शाळेला लाभल्या. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. लाज कशी वाटली नाही मला!

मावशी फाटकाशी भेटल्या. शाळेच्या दोन निळ्या साड्या परत द्यायला आल्या होत्या, धुऊन, इस्त्री करून. वॉचमन आत सोडत नव्हता. मी साड्या घेतल्या आणि मला राहवेना. “मावशी, माझं नाव का नाही घेतलंत?”

“मी कशाला घेऊ?” त्या म्हणाल्या. रागावल्याही नव्हत्या. “तुमी तं समोरच बसल्या होत्या. मना वाटला, आता तुमीच सांगाल. मी वाट बघत होती.”

माझ्या एका हातात साड्या, दुसऱ्या हातात तो नारळ. त्या निघाल्या, चार पावलं गेल्या आणि वळल्या.

“बाई, पोर जेवते ना आता नीट?”

“जेवते,” मी म्हटलं.