ताईच्या कानाचं कुलूप

मोबाइलवर ताईचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मी ओळखलं, काहीतरी वाईट झालंय. कारण ताई फोन करत नव्हती. गेली दोन-अडीच वर्षं तिने कुणालाच फोन केला नव्हता. पलीकडचं ऐकूच येत नाही तर करणार कशाला? फोनवर निलेश होता, तिचा मुलगा. त्याचा स्वतःचा मोबाइल चार्जिंगला होता म्हणून त्याने आईचा उचलला होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेतला, ओट्यावर जाऊन बसली आणि बसल्या बसल्याच... आज दीड महिना होत आला. तिचं नाव मोबाइलमध्ये अजून तसंच आहे.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. डहाणूकडे सायवनला आमचं घर, वर डोंगराकडे भाताची आणि नागलीची थोडी जमीन. आईबाप शेतावर गेले की आम्हा धाकट्यांना सांभाळायला ताई घरी. त्यामुळे मी शाळेत गेले आणि ती गेलीच नाही. तिला आकडे कळायचे, मापाची टेप वाचायची, पण अक्षर म्हणाल तर एकही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे शहाणी माणसं मला विचारायची, अहो, ऐकू येत नाही तर कागदावर लिहून का दाखवत नाही? काय लिहून दाखवणार, माझं कपाळ?

लग्न होऊन ती कासाला गेली आणि तिथे ब्लाउज शिवायला लागली. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बायका जीपने उतरायच्या, त्यांतल्या निम्म्या माप द्यायला यायच्या आणि निम्म्या नुसत्या बसायला. कोणाची सासू कशी, कोणाच्या पोरीला कुठे दिली, हॉस्पिटलात कोण ॲडमिट आहे, सगळं तिच्या मशीनपाशी यायचं. वारलीणीशी ती वारलीत बोलायची, दुकानवाल्याशी गुजरातीत, नर्सबाईंशी मराठीत. स्वतः कमी बोलायची, पण ऐकायची मात्र असं, की समोरचीला वाटावं आपल्यासारखी गोष्ट आजवर कुणी सांगितलीच नाही. दुसरा नाद म्हणजे वस्तू खोलायचा. शिलाई मशीन, इस्त्री, मिक्सर, भाऊजींचा रेडिओ, जे बंद पडेल ते ती उघडून बसायची. भाऊजी म्हणायचे, "हिला घरात एकटी सोडू नका, घड्याळं खोलून ठेवेल." कधी कधी जोडल्यावर एखादा स्क्रू उरायचा. ती तो डबीत टाकायची आणि म्हणायची, "हा कंपनीने जास्तीचा दिला असंल." वस्तू चालायची, हे विशेष.

भाऊजी गेले आणि त्यानंतर तिचे कान उतरत गेले. निलेश तलासरीकडे कारखान्यात कामाला. त्याने तिला वापीला एका दुकानात नेलं आणि दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं. तिथल्या माणसाने लॅपटॉप जोडून तिच्या कानाच्या मापाचा आवाज लावून दिला, आपण ब्लाउजची बाही लावतो तसा. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तो ओरडतच. "गो शके, माझं शिलाईचं मशीन एवढं खडखडतं? इतकी वर्षं सगळ्या गप बसल्या व्हय? थांब, तुला ऐकवते." आणि तिने खरंच फोन मशीनजवळ धरून पायाने पायडल चालवलं. मी इकडे वरोरला, नोकरीपायी आले आणि इथलीच होऊन गेले, अंगणात उभी राहून ती खडखड ऐकत होते आणि हसत होते. पुढची काही वर्षं रोज संध्याकाळी आमचा फोन व्हायचा. काय बोलायचो म्हणाल तर काहीच नाही. आज काय केलंस, काय खाल्लंस, कोण आलं होतं...

मग कान आणखी उतरले. वय झालं की उतरतातच, त्यात कुणाचा दोष नाही. मशीनचा आवाज थोडा वाढवून घ्यायचा, एवढंच काम होतं. निलेश वापीला गेला तर दुकानाला शटर. तो माणूस कुठे गेला कुणाला माहीत नाही. मग मी ताईला डहाणूला कान तपासणाऱ्या एका बाईंकडे नेलं. तरुण, गोड बोलणारी मुलगी. तिने मशीन कॉम्प्युटरला लावलं, बराच वेळ खटपट केली आणि कसनुसं तोंड केलं. म्हणाली, "मशीन अगदी चांगलं आहे. यात अजून पुष्कळ आवाज आहे, यांना पुरेल एवढा. पण कंपनीने लॉक केलंय. त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच पासवर्डने उघडतं. मला सेटिंगला हात लावता येत नाही." मी ते ताईच्या कानात ओरडून सांगितलं. ताई तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "कान माझा, मशीन माझं, आन कुलूप त्यांचं?" त्या मुलीने मशीन पुसून परत तिच्या हातात दिलं. तिची बिचारीची काय चूक?

मला मुळातच राग लवकर येतो. मी त्या कंपनीला फोन लावायला लागले. आधी गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, मग एक मुलगा हिंदीत सांगणार की मॅडम, सुरक्षेसाठी लॉक असतं, बाहेरच्या माणसाने आवाज चुकीचा लावला तर कानाला इजा होते. मी म्हटलं, अरे बाबा, ती आता काहीच ऐकत नाही, याहून मोठी इजा कोणती? तो म्हणाला, जवळची शाखा मुंबईत. मुंबईला गेलो. तिथे सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, याचं सॉफ्टवेअर आम्ही ठेवत नाही, नवीन घ्या. नवीन घेण्याची निलेशची ऐपत नव्हती, आणि असती तरी ताईने ऐकलं नसतं. "हे बिघडलंय काय? नाय ना. मग चालतं मशीन फेकून देऊ?" एका शिबिरात फुकट मिळालेलं दुसरं मशीन आणून दिलं, तर त्याने कानात अशी शिट्टी धरली की तिने ते काढून तांदळाच्या डब्यावर ठेवलं आणि पुन्हा बघितलं नाही.

एकदा गेले तर ती उजेडात बसून कानाचं मशीन सुईने उघडायचा प्रयत्न करत होती. चष्मा नाकावर, जीभ ओठात धरलेली, अगदी रेडिओ खोलायची तशी. उलटसुलट करून पाहिलं, नखाने चाचपलं. शेवटी ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "याला स्क्रूच नाय गो." तिचा तो चेहरा मला आजही बघवत नाही. आयुष्यभर जे बंद पडलं ते तिने उघडलं होतं, आणि हे तर बंदही पडलं नव्हतं. त्यानंतर तिने हट्ट सोडला. मशीन कानात घालायची मात्र ती थांबली नाही. रोज सकाळी आंघोळीनंतर कुंकू लावायच्या जागी टिकली लावायची आणि मशीन घालायची. सेल संपला की न चुकता नवा टाकायची.

बहिऱ्या माणसाला एक सवय लागते. सारखं "काय? काय?" विचारायची लाज वाटते, मग माणूस "हो" म्हणायला लागतं. ताई सगळ्यालाच हो म्हणायची. बाई सांगायची बाही लांब ठेव, ताई म्हणायची हो आणि आखूड शिवायची. बाई सांगायची पुढच्या बाजारी नेते, ताई हो म्हणून दुसऱ्याच दिवशी तयार ठेवायची. पहिल्यांदा बायका हसल्या, मग दुसरीकडे शिवायला टाकू लागल्या. गप्पांनाही येईनाशा झाल्या, ओरडून ओरडून किती सांगणार? शिलाई मशीनवर चादर पडली. निलेश पाळीवर, त्याची बायको कामावर, आणि ताई दिवसभर ओट्यावर... जाणाऱ्या-येणाऱ्याचे ओठ बघत बसलेली. माझी ती ऐकणारी ताई. मला संताप यायचा आणि तो काढायचा कुणावर तेच कळायचं नाही.

शेवटची भेटले ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी. मी मनाशी ठरवूनच गेले होते. तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी तोंडाशी तोंड नेऊन म्हटलं, "ताई, इथे एकटी बसून काय करतेस? माझ्याकडे ये वरोरला. कायमची. आता आपण दोघी एकत्र राहू." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "हो, हो." तिची सवय मला काय माहीत नव्हती? पण तिने हात दाबला ना, म्हणून मला ते हो खरं वाटलं. मी तशीच उठले, दारात पाळीवरून येणाऱ्या निलेशला तेवढं सांगितलं आणि जीपने निघाले. घरी येऊन मागची खोली रिकामी केली. भिंतींना चुना दिला, जुना पलंग दुरुस्त करून घेतला, खिडकीखाली तिच्या शिलाई मशीनला जागा ठेवली. रोज वाटायचं, आता निलेश तिला घेऊन येईल.

सगळे विधी उरकल्यावर मी निलेशला विचारलं, "अरे, ती यायचं म्हणत होती का रे कधी? मला तर हो म्हणाली होती."  तो म्हणाला, "मावशी, तू त्या दिवशी गेल्यावर तिने मला आत बोलावलं. म्हणाली, शकी एवढं हात धरून काय सांगत होती रे? मी पाळीवरून आलेला, डोकं दुखत होतं. मी हाताने खूण केली, नंतर सांगतो म्हणून. मग ते राहूनच गेलं."

मी त्याला दोष देत नाही. आम्ही सगळ्यांनीच तिला कितीदा नंतर सांगतो म्हटलं असेल, त्याचा काय हिशोब?

मागच्या खोलीत मी रोज झाडू मारते, पलंगावरची चादर नीट करते. तिथे दुसऱ्या कुणाला मी झोपू देत नाही, घरातले काही म्हणोत. मी ताईला माझ्या घरी बोलावलं होतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं.