नरहरकाकांकडे जेवायला कोण येणार?

आमच्या शेजारच्या नरहरकाकांसारखा हट्टी माणूस अख्ख्या बनारसमध्ये शोधून सापडायचा नाही. सरकारी खात्यात रस्ते बांधण्यात जन्म गेला, रिटायर झाले, मृणालिनीकाकूंना मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर पोचवून आले, आणि मग घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगा निनाद पुण्याला. फोन करतो, नाही असं नाही. पण फोन ठेवला की काका बराच वेळ तिथंच बसून राहतात, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलंय.

आमची कॉलनी वरुणा नदीजवळ. गंगा फुगली की वरुणा उलटी वाहायला लागते आणि बाढ, म्हणजे पूर, येते ती मागच्या अंगानं. मधे पुलाकडे जाणारा उंच रस्ता. पलीकडे, नदीच्या बाजूला, विणकरांचा मोहल्ला. अलीकडे आम्ही, बँकवाले, रेल्वेवाले, त्यात चार-पाच मराठी घरं. रस्ता कसला, बांधच तो! पलीकडे पाणी छातीला लागायचं आणि आम्ही कोरड्या अंगणात उभं राहून ‘अरेरे’ म्हणायचो. एका वर्षी एकाच बाजूनं पाण्याचा रेटा बसून रस्ता फुटला, पुलाचं तोंड वाहून गेलं आणि दोन्हीकडचे लोक अडकले.

नवा रस्ता करायच्या आधी सगळ्यांची मिळून सभा झाली. कॉलनीचं म्हणणं एकच, आणखी उंच करा. आमच्या बाजूनं बोलायला आम्ही काकांना पुढे केलं, आणि हा गृहस्थ उभा राहून म्हणतो काय, “रस्त्याखालून पाणी जायला रुंद पुलिया ठेवा. पाणी इकडेही येऊ द्या. सगळ्यांच्या पायाला लागेल, पण कुणाच्या गळ्याशी येणार नाही. आणि रस्ता टिकेल.” बाई गं! टाळ्या पडल्या त्या पलीकडून. आमच्याकडे सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. मला मात्र पटलं होतं, अजून पटतं.

या श्रावणात बाढ आली. रस्त्याला साधा तडा गेला नाही. मोहल्ल्यात पाणी कमरेखालीच राहिलं आणि लवकर ओसरलं. आमच्या घरांत मात्र पहिल्यांदाच शिरलं. कुणाच्या गाद्या गेल्या, कुणाचा फ्रिज, आणि सगळ्यांच्या तोंडी उद्धार काकांचा! ते दिसले की लोक वाट बदलायचे. मोहल्ल्यातले दुरून सलाम करायचे, पण त्यांचेही माग भिजलेले, येऊन बसायला फुरसत कुणाला? काका चार-चार दिवस माझ्याखेरीज कुणाशी बोलत नसत.

त्यात पितृपक्ष लागला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं आमच्यात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. दरवर्षी इंदूवहिनी जेवायच्या. दोन घरं सोडून राहतात, काकूंची जिवाभावाची मैत्रीण. रामघाटावरचे गुरुजी म्हणाले, “सवाष्णींना काय तोटा? मी पाठवतो एखादी.” काका ऐकतील तर शपथ! “तिला ओळखणारीच हवी. नाहीतर कोण कुणासाठी जेवलं?” मी बसले असते हो, पण मी लग्नच केलं नाही. मी कुठली सवाष्ण!

आमंत्रणाला घरच्या माणसानं स्वतः जायचं असतं. काकांनी मला पिटाळलं. “बकुळ, तू जा. मला बघून दार लावतील.” भरल्या सभेत न डगमगलेला माणूस हा! इंदूवहिनी फुगलेलं कपाट पुसत होत्या. ‘बघते’ म्हणाल्या आणि पुसत राहिल्या. बाकीच्या बायकांपैकी एकीला ताप आला, एकीला माहेर आठवलं.

नवमीला स्वयंपाक मी केला. खीर, वडे, अळूची भाजी. पान मांडलं, काका दाराशी बसले. वडे गार झाले तरी कुणी येईना. “तिचं पान रिकामं जाणार गं,” काका म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि इंदूवहिनी आल्या. आत येऊन उभ्याच राहिल्या.

“पुलियाचा राग आहे ना, वहिनी?” काकांनी विचारलं.

“पुलियाचा? मोहल्ल्यातली लेकरं पाण्यात उभी असायची, ती मलाही दिसायची, भाऊजी. पुलिया हव्याच होत्या. पण पाणी घरात आलं तेव्हा आम्ही दोघं म्हातारी बादल्या उपसत होतो, आणि तुम्ही रस्त्यावर उभे, पुलियातून पाणी कसं जातंय बघत. सगळ्या जगाचा विचार केलात, आणि माझं दार दोन घरांवर होतं. मृणालिनी असती तर पदर खोचून आली असती. तुम्ही नुसतं विचारायला तरी आलात का?”

काकांनी उठून पाट सरळ केला.

“वाढ गं बकुळ,” वहिनी पानावर बसल्या. “मी तिच्यासाठी आलेय.”

पोटभर जेवल्या, खीर मागून घेतली. काका हात जोडून “सावकाश होऊ द्या” म्हणाले, तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली नाही. कुंकू लावून घेतलं आणि गेल्या.

थोड्या वेळानं काकांनी चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले. कडीला हात लावून उभे राहिले. मग परत आले.

“आता पाणी ओसरल्यावर जाऊन काय विचारू गं?” म्हणाले.

मी पान उचललं.